दीड दिवसात सवाना: काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं

अटलांटातल्या मराठी घरांत हे वर्षातून एकदा तरी होतंच, आईबाबा आलेले असतात, लाँग वीकेंड येतो आणि "जवळच कुठेतरी जाऊया" करत जॉर्जियाच्याच किनाऱ्यावरचं सवाना ठरतं. जवळ म्हणजे 250 मैल हां, चार तास धरा. वाटेतल्या मेकन गावानंतर आय-16 हायवे लागला की पुढे नुसती पाइनची झाडं, त्यामुळे गॅस, चहा, बाथरूम सगळं मेकनलाच उरका. वाटेत बॉइल्ड पीनट्सची पाटी दिसली तर मात्र थांबा, आपल्या उकडलेल्या शेंगाच त्या, थोड्या जास्त खारट, बाबा लोक एकदम खूश होतात.

पहिल्या खेपेला आम्ही 20 ठिकाणांची लिस्ट घेऊन गेलेलो. ट्रॉलीत बसून दीड तासात सगळं "झालं" आणि परत येताना कोणालाही एक चौक दुसऱ्यापासून वेगळा सांगता येईना. तेव्हापासून आमचा नियम एकच, बुल स्ट्रीट पकडायचा आणि चालायचं. नदीकडच्या सिटी हॉलपासून फोर्साइथ पार्कपर्यंत साधारण एक मैल, सपाट रस्ता, वर झाडांची सावली आणि मध्ये पाच चौक. दर पाच मिनिटांनी बसायला बाक मिळतो, म्हणजे गुडघेवाल्या मंडळींचीही सोय. गाडी आधीच नदीजवळच्या पार्किंग गॅरेजमध्ये लावून टाका, चौकाचौकात पार्किंग शोधत फिरलात तर अर्धा दिवस त्यातच जाईल.

चौकांचं गणित एकदा समजलं की मजा येते. 1733 मध्ये इंग्रज जनरल ऑगलथॉर्पने हे शहर वसवलं तेच आखणी करून, मध्ये मोकळा चौक आणि भोवती घरं, असा एक वॉर्ड, मग त्याला लागून तसाच दुसरा. वाढत वाढत 24 चौक झाले, त्यातले 22 अजून आहेत.

पहिला जॉन्सन स्क्वेअर, पुढचा राइट स्क्वेअर. इथे जरा थांबा. मधला मोठा दिमाखदार स्तंभ आहे तो रेल्वेवाल्या गॉर्डनचा, पण त्याच जागी आधी टोमोचिचीला पुरलेलं, म्हणजे इथल्या मूळनिवासी यामाक्रॉ जमातीच्या ज्या प्रमुखाने ऑगलथॉर्पला इथे वसू दिलं तो. 1883 मध्ये गॉर्डनचं स्मारक उभारताना त्याची खूण उडवली, नंतर लाज वाटली म्हणून 1899 मध्ये कोपऱ्यात एक ग्रॅनाइटचा दगड ठेवला. लोक स्तंभाचे फोटो काढतात, तुम्ही दगड बघा.

चिपेवा स्क्वेअरमध्ये ऑगलथॉर्पचा पुतळा आहे, तोंड दक्षिणेला, कारण तेव्हा तिकडे फ्लोरिडात स्पॅनिश होते, नजर ठेवायला नको? 'फॉरेस्ट गम्प' सिनेमात टॉम हँक्स चॉकलेटचा बॉक्स घेऊन बसलेला तो बाक शोधू नका, तो शूटिंगपुरता ठेवलेला, आता नाहीये तिथे.

मॅडिसन स्क्वेअरला ग्रीन-मेल्ड्रिम हाउस. सिव्हिल वॉरमध्ये, डिसेंबर 1864 ला, उत्तरेच्या जनरल शर्मनने सवाना घेतलं आणि लिंकनला तार करून शहर ख्रिसमस गिफ्ट म्हणून दिलं, त्याचा मुक्काम या घरात होता. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच घरात जानेवारी 1865 मध्ये 20 ब्लॅक पाद्री त्याला भेटले, तुम्हाला काय हवं म्हणून विचारल्यावर जमीन म्हणाले, आणि चार दिवसांनी 40 एकरवाला आदेश निघाला, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना 40 एकरांपर्यंत जमीन द्यायचा. त्याच वर्षी लिंकननंतरचा प्रेसिडेंट अँड्र्यू जॉन्सनने बरीचशी जमीन जुन्या मालकांना परतही देऊन टाकली.

शेवटी मॉन्टेरी स्क्वेअर आणि फोर्साइथ पार्क. 1858 चं पांढरं कारंजं, फोटो काढा, बसा, झालं.

दुपारी ऊन चढलं की आत शिरायचं. एकच म्युझियम करायचं तर ओवेन्स-थॉमस हाउस. पुढे सुंदर बंगला, मागे गुलामांच्या खोल्या, आणि टूर दोन्ही दाखवते. मागच्या खोल्यांच्या छताला जुना निळा रंग अजून दिसतो, भुतंखेतं लांब राहावीत म्हणून लावत असं मानतात. आमची आई लगेच, "म्हणजे लिंबू-मिरचीच की." हे घर टेलफेअर म्युझियम्सचं, तिकीट त्यांच्या बाकी दोन म्युझियमनाही चालतं, तेव्हा फेकू नका. वेळ असेल तर फ्रँकलिन स्क्वेअरचं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चही बघा, तळघराच्या जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत, पळून आलेले गुलाम खाली लपायचे त्यांना हवा मिळावी म्हणून, असं चर्चवाले सांगतात. आम्ही तिथून बाहेर आल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

रिव्हर स्ट्रीट संध्याकाळी. दुकानं सगळी टूरिस्टांसाठीच, पण समोरून बिल्डिंगएवढी कंटेनर जहाजं जातात ती बघत बसायला पोरांना आवडतं. खाली उतरणारे दगडी जिने भयंकर उभे आहेत आणि रस्ता जहाजांच्या वजनासाठी आणलेल्या दगडांचा, ओबडधोबड, तेव्हा सँडल-चप्पल नको, बूट घाला. पलीकडच्या बेटावर जाणारी फेरी फुकट आहे, अलीकडचा काठ तिथून जास्त छान दिसतो.

जेवणाचं बोलायचं तर जोन्स स्ट्रीटवर मिसेस विल्क्समध्ये अक्षरशः पंगत असते, दहा अनोळखी माणसं एका टेबलावर, भांडी हातोहात फिरतात. वीकडेला दुपारीच उघडं आणि लाइन मोठी. व्हेज लोकांनो, इकडे साउथमध्ये शेंगभाज्या नि पाल्यातसुद्धा पोर्क टाकतात, विचारल्याशिवाय घेऊ नका. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, वर मिरी घातली की बाबांना चालतात. लिओपोल्ड्सचं आइस्क्रीम (1919 पासून आहे) रात्री उशिरा खा, लाइन कमी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकच काहीतरी, वर्म्सलो किंवा बोनाव्हेंचर. वर्म्सलोला दीड मैलाचा रस्ता आणि दोन्ही बाजूंनी 400 च्या वर ओक, शेवाळाच्या झुंबरांसकट. बोनाव्हेंचर कब्रस्तान आहे, नदीकाठी, शांत, मला जास्त आवडतं, पण आईबाबांना "सुट्टीत स्मशान कशाला" वाटत असेल तर वर्म्सलो करा. झाडांवर लोंबतं ते स्पॅनिश मॉस स्पॅनिशही नाही आणि मॉसही नाही, अननसाच्या कुळातलं आहे, जमिनीवर पडलेलं मात्र उचलू नका, बारीक किडे चावतात आणि आठवडाभर खाजवत बसाल. टायबी बीच यावेळी सोडा, त्याला वेगळा दिवस लागतो.

जुलै-ऑगस्टला जाऊ नका, मुंबईच्या ऑक्टोबरसारखी चिकचिक असते. मार्चमध्ये सेंट पॅट्रिक डेच्या (आयरिश सण, इथे प्रचंड गर्दी) आसपास हॉटेलांचे भाव बघूनच परत फिराल. आणि रविवारी दुपारी दोनच्या आत निघा, नाहीतर अटलांटात शिरताना सगळं ट्रॅफिक तुमचंच.