माती मी खाल्ली, वाळू घोडीने

किनाऱ्यावर घोडा फिरवायचा धंदा सुरू करताय? खरारा, नाल, खोगीर हे तुम्हाला कुणीही शिकवेल. मी फक्त खाण्याबद्दल लिहितोय, कारण माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडी घेतली, कर्ज काढून. तिकडे ज्वारीच्या कडब्यावर वाढलेली. इकडे कोकणात नागावला उतरवल्या दिवसापासून मी तिच्यापुढे भाताचा पेंढा टाकला. चूकच. चारा बदलायला सात-दहा दिवस घ्यायचे, जुन्यात नवा थोडा थोडा मिसळत. शिवाय नुसत्या पेंढ्यात कस नसतो, वरकस माळावरचं वाळलं गवत जोडीला हवंच. पण तेवढं निभावलं.

३१ डिसेंबरच्या गर्दीत दुपारी घरी जायला फुरसत नव्हती. चंदीचे भिजवलेले हरभरे किनाऱ्यावरच फडक्यावर ओतायचो, पेंढा तसाच वाळूवर. तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, घेतला नव्हता, मला तो जुनाट वाटायचा! घोडी ओठाने एकेक हरभरा टिपायची आणि मी कौतुकाने बघत बसायचो. ओल्या हरभऱ्याला चिकटलेली वाळू मला दिसत नव्हती असं नाही. दिसत होती. पडेल बाहेर लिदेतून, असं वाटायचं.

सगळी पडत नाही. जड असते, मोठ्या आतड्यात तळाला बसते. रोज चिमूटभर गेली तरी आठवड्यांनी तिचा थर होतो, वाट अडते. फेब्रुवारीत एका रात्री घोडी पाय आपटायला लागली. वळून वळून कुशीकडे बघायची, बसायची, उठायची, घामाने भिजलेली. लीद बंद. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं वरून परत येण्याचा मार्गच नाही.

शेजारच्या जाणत्यांनी बाटलीने गोडं तेल पाजायला सांगितलं. मी बाटली उचललीही होती, तेवढ्यात डॉक्टर फोनवर ओरडले. जबरदस्तीने पाजलेलं तेल फुप्फुसात उतरलं तर पोट राहतं बाजूला, जनावर न्यूमोनियाने जातं. ते आले, नाकातून नळी घालून औषध दिलं. पहाटे पडलेली पहिली लीद मी बोटांत चोळून पाहिली. दाताखाली खडा यावा तशी कचकच.

घोडा शिकवणारा उस्ताद जरूर धरा, चाल आणि नाल त्याच्याकडूनच शिका. पोटशूळ मात्र त्याच्या हाती देऊ नका. डॉक्टर येईपर्यंत पुढचा चारा उचला, एवढंच करा.

आणि घाबरूनही जाऊ नका, उपाय साधा आहे. चंदी तोबऱ्यात किंवा घमेल्यात, चारा जाळीत नाहीतर गव्हाणीत, जमिनीवर काडीसुद्धा नाही. सैंधवाचा खडा गोठ्यात टांगा. पोट चाऱ्याने भरलेलं ठेवा. उपाशी घोडा वाळू चाटतो आणि आतडं चालतं राहायलाही चाराच लागतो. अडीचशे किलोच्या टट्टूला रोज चार-पाच किलो कोरडा चारा तरी हवाच. हरभरा एका वेळी किलोभराच्या वर नको, कारण जठर लहान असतं. पाणी मात्र हवं तेवढं, उन्हाळ्यात तर जास्तच.

गुरांचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. गुरा-कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याच्या हृदयाला मारक. पावसाळ्यात बुरशीचा वास आलेला पेंढा सरळ खतात टाका, हळहळत बसू नका.

दर रविवारी मी लिदेचे पाच-सहा गोळे, जमिनीला न लागलेले, पारदर्शक पिशवीत पाणी घालून कालवतो आणि पंधरा मिनिटं खुंटीला टांगतो. वाळू असली तर खालच्या कोपऱ्यात जमते. नाही दिसली म्हणजे पोटात नाहीच, असं मात्र धरून चालू नका. परवा फेरीला आलेली एक मुलगी पिशवीपुढे बराच वेळ उभी होती. म्हणाली, "काका, यात मासा कुठाय?"