पाळक पणजोबांचा माग: सभासदांच्या यादीत शोधत बसू नका

कोल्हापूर-सांगली-मिरज पट्ट्यात ‘आमच्या घरात कुणीतरी पाळक (चर्चचे धर्मगुरू) होते’ एवढंच माहीत असलेली ख्रिस्ती घरं पुष्कळ आहेत. भिंतीवर एक काळपट फोटो असतो. कोट, फेटा, मांडीवर बायबल आणि फोटोखाली एक अक्षरही नाही. मग कुणीतरी भाचा सल्ला देतो, ‘नेटवर नाव टाका, सगळं निघतं.’ काही निघत नाही. आधी मी माझ्या पणजोबांचा माग काढला, मग नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांसाठी हेच काम करत आलो. नुसतं नाव टाकून एकदाही काही हाती लागलेलं नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणं, जुन्या बायबलची कोरी पानं बघणं, शाळेचे दाखले गोळा करणं हे तुम्ही केलंच असेल. पुढचं सांगतो.

आधी मिशन ठरवा

अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतल्या मिशनरी संस्थेचे मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. काही वर्षांनी बोर्डाने इथलं काम थांबवलं. वाइल्डर मात्र कुठल्याही बोर्डाच्या आधाराविना परत आले आणि १८७० मध्ये हे काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, परदेशी मिशन बोर्डाकडे गेलं. म्हणजे तुमचा माणूस १८५५ साली कोल्हापुरात उपदेशक असेल तर प्रेस्बिटेरियन कागदांत तो सापडणार नाही. कितीही पानं उलटा. अमेरिकन बोर्डाची दप्तरं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, त्याच मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासूनचं आहे. शोध तिथून सुरू करायचा.

कोल्हापुरात एस.पी.जी. या अँग्लिकन संस्थेचंही काम होतं. तिच्या वह्या वेगळ्या, शब्द वेगळे. घरात आजी ‘बिशप’ हा शब्द वापरत असेल तर आधी तिकडे बघा.

प्रेस्बिटेरियनच असेल तर ठाणी, म्हणजे मिशनची केंद्रं, पाठ करा: कोल्हापूर, पन्हाळा, कोडोली, रत्नागिरी, वेंगुर्ले, सांगली, मिरज, इस्लामपूर, निपाणी. पाळकाच्या बदल्या या ठाण्यांमध्ये आणि त्यांच्या आसपासच्या खेड्यांत व्हायच्या. एका वहीवर डावीकडे वर्ष आणि उजवीकडे ठाणं असा तक्ता आखा. पुढचं सगळं काम म्हणजे हा तक्ता भरणं. नावाचं स्पेलिंग दर दहा वर्षांनी बदलतं, ठाणं बदलत नाही.

मंडळीच्या वह्या: मी इथेच दोन वर्षं घालवली

मंडळीकडे साधारण चार प्रकारच्या वह्या असतात: बाप्तिस्म्याची, लग्नांची, दफनाची आणि सभासदांची. त्याशिवाय सेशनचं, म्हणजे पाळक आणि ‘वडील’ (मंडळीने निवडलेले कारभारी) यांच्या सभेचं, कार्यवृत्त. आधी रीतसर अर्ज द्या, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, डिसेंबरात अजिबात जाऊ नका. वही टेबलावर सपाट ठेवा, फोटो फ्लॅशशिवाय काढा. जुनी शाई कागद खाते. पान उचलून धरलंत की ओळीच्या ओळी चाळणीसारख्या गळतात.

मला सभासदांची वही मिळाली तेव्हा वाटलं, काम झालं. अनुक्रमांक, नाव, बाप्तिस्मा, मंडळीत घेतल्याची तारीख, शेरा. पणजोबा सापडले. त्यांच्या नावावरून तांबड्या शाईची सरळ रेघ मारलेली आणि शेऱ्यात तीन शब्द: ‘नाव कमी केले’. पुढे तारीख.

माझी थोरली आत्या लहानपणापासून सांगायची, ‘मंडळीनं काढलं हुतं त्यास्नी. सायबाबरोबर भांडण झालं.’ आता पुरावा माझ्यासमोर होता. मी त्या तारखेभोवती अख्खी कथा रचली. मिशनच्या साहेबाशी पगारावरून वाद, बहिष्कार, मग रत्नागिरीला निघून जाणं. नात्यातल्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीला ती कथा सांगितलीसुद्धा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दोन वर्षांनी दुसऱ्याच एका घराचं काम घेऊन त्याच मंडळीच्या वऱ्हांड्यात बसलो होतो. सेशनचं दप्तर सांभाळलेले एक म्हातारे गृहस्थ शेजारी होते. मी त्यांना ती नोंद दाखवली. ते हसले. ‘अहो, पाळक झाल्यावर नाव कमी करतातच. ते मंडळीचे सभासद राहत नाहीत.’

हे नीट समजून घ्या, कारण इथे जवळपास प्रत्येक जण चुकतो. प्रेस्बिटेरियन पद्धतीत दीक्षित पाळक स्थानिक मंडळीचा सभासद नसतो. तो प्रेस्बिटरीचा, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या पाळक-वडिलांच्या वरच्या सभेचा, सभासद असतो. दीक्षा झाली की त्याचं नाव मंडळीच्या यादीतून निघतं आणि प्रेस्बिटरीच्या पटावर चढतं. बायकोचं आणि मुलांचं नाव मात्र मंडळीतच राहतं. म्हणजे ज्या दिवशी माझे पणजोबा मला बहिष्कृत झालेले वाटले, त्याच दिवशी त्यांना दीक्षा मिळाली होती. मी त्यांचा सगळ्यात मोठा दिवस लग्नाच्या पंगतीत बदनाम करून बसलो होतो.

मग शिस्तभंग आणि दीक्षा यांत फरक कसा करायचा? शेऱ्यावरून कधीच नाही. त्या तारखेच्या आधीचं सेशनचं कार्यवृत्त काढा. शिस्तीचं प्रकरण असेल तर ते आधी दोन-तीन सभांत चघळलेलं असतं. आरोप, समज, ‘प्रभुभोजनापासून दूर ठेवले’ अशी भाषा आणि बऱ्याचदा पुढे ‘पुन्हा घेतले’. कार्यवृत्तात काहीच नसेल आणि बायकोचं नाव यादीत जसंच्या तसं असेल, तर दीक्षेची शक्यता आधी धरा आणि प्रेस्बिटरीच्या वहीत ताडून बघा. तिसरी शक्यता बदलीची. तिथे ‘दाखला दिला’ किंवा ‘शिफारसपत्र दिले’ असं लिहून गावाचं नाव असतं.

यावरून दोन युक्त्या निघतात. या दोन केल्यात तरी निम्मा तक्ता भरतो.

पहिली: पाळकाऐवजी पाळकीणबाईंच्या मागे जा. त्या सभासद असल्यामुळे प्रत्येक बदलीला त्यांचा दाखला एका मंडळीतून निघतो आणि दुसरीत जमा होतो. पणजोबा पन्हाळ्याला कधी गेले हे मला पणजीच्या दाखल्यावरून कळलं. त्यांच्या स्वतःच्या नावाने त्या वर्षाचा एकही कागद नाही.

दुसरी: इतरांच्या नोंदींतल्या सह्या बघा. बाप्तिस्मा कुणी दिला, लग्न कुणी लावलं, याची सही त्या त्या ओळीत असते. सेशनच्या सभेचा अध्यक्ष पाळकच, त्यामुळे कार्यवृत्ताखालीही तीच सही. एका ठाण्यावरची पहिली सही आणि शेवटची सही यांच्यामध्ये त्याचा तिथला मुक्काम. मधेच चार महिने सही दुसऱ्याची दिसली तर आजारपण, रजा किंवा प्रवास. तक्त्यात प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला.

सही आणखी एका संकटातून वाचवते. एकाच नावाचे दोन सेवक असतात आणि इंग्रजी अहवालात दोघं एकसारखेच दिसतात. माझे पणजोबा मोडीच्या वळणाने सही करत. शेवटच्या अक्षराची शेपटी डावीकडे ओढून नावाखाली रेघ केलेली. रत्नागिरीच्या नावबंधूची सही सुटी, बाळबोध, शाळामास्तरासारखी. दोन फोटो शेजारी ठेवल्यावर भांडण मिटलं. म्हणून नोंद नुसती उतरवून आणू नका, सहीसकट पानाचा फोटो घ्या. उतरवलेल्या नोंदीला हस्ताक्षर नसतं.

प्रेस्बिटरीचं कार्यवृत्त

इथे चार तारखा वेगवेगळ्या मिळतात: उमेदवार म्हणून स्वीकारलं ती, परीक्षा घेऊन उपदेश करण्याचा परवाना दिला ती, हात ठेवून दीक्षा दिली ती आणि एखाद्या मंडळीवर पाळक म्हणून नेमलं ती. वंशावळीत या चारांची एकच तारीख करून टाकतात, तसं करू नका. परवाना आणि दीक्षा यांत कित्येक वर्षं जाऊ शकतात, आणि त्या काळात माणूस उपदेशक असतो, ‘रेव्हरंड’ नसतो. १९२४ नंतर मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आल्या, तेव्हा पुढच्या दप्तरांची शीर्षकं बदललेली दिसतील. गोंधळू नका.

अमेरिकेतले अहवाल

प्रेस्बिटेरियन बोर्डाचे छापील वार्षिक अहवाल इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. शोधताना कोल्हापूरचं आजचं स्पेलिंग टाकू नका. जुन्या अहवालांत ‘कोलापूर’ असा उच्चार होईल असं स्पेलिंग आहे, मधला ‘ह’ गायब. अहवाल मे महिन्यात मांडला जायचा, म्हणून १८८५ च्या अहवालातली हकिकत मुख्यतः १८८४ ची असते. तक्त्यात एक वर्ष मागे लिहा. देशी सेवकांची नावं बऱ्याचदा नसतातच, नुसता आकडा असतो. तो आकडा एकाने वाढला त्या वर्षी दीक्षेची तारीख पडताळून बघा.

मिशनऱ्यांची पत्रं फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. त्यांना ‘माझ्या पूर्वजाची माहिती द्या’ असं लिहाल तर गोड नकार येईल. वर्ष, ठाणं आणि त्या ठाण्यावरचा मिशनरी, असं तिन्ही लिहा. म्हणून हे काम तक्ता भरल्यावरच.

सरकारी कागद

जमीन, घरजागा किंवा दरबारशी पत्रव्यवहार असेल तरच कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जा. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस आधी ठरवा. कुणबी नोंदींच्या शोधानंतर त्यांना भाव आला आहे. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवा, शकात ७८ किंवा ७९. मृत्यूच्या नोंदीसाठी तहसीलला गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. फक्त हे ध्यानात ठेवा की कोल्हापूर, सांगली, मिरज ही संस्थानं होती, रत्नागिरी, वेंगुर्ले, इस्लामपूर ब्रिटिश मुलूख. एकाच पाळकाची चार मुलं तीन राज्यांच्या दप्तरांत विखुरलेली असू शकतात.

दफनभूमीत सकाळी लवकर जा. तिरपं ऊन असतं तेव्हा झिजलेली अक्षरं वाचता येतात. दगडावर खडू घासू नका.

जे दिसेल ते सगळं सांगू नका

सेशनच्या वह्यांत लोकांच्या घरातली भांडणं, दारू, मोडलेली लग्नं नावानिशी लिहिलेली असतात, आणि त्यांची नातवंडं आज तुमच्या शेजारच्या बाकावर बसतात. तुमच्या घराचं तेवढं उतरवा, बाकीची पानं बंद करा.

सगळं जुळल्यावर मी आत्याकडे गेलो आणि दीक्षेची तारीख वाचून दाखवली. तिने फोटो खाली काढून पदराने पुसला, मागे पेन्सिलीने तारीख लिहायला लावली. मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘आणि मग सायबाबरोबर भांडण कुणाचं झालं हुतं रं?’

त्या भांडणाचं पान मी वाचलं होतं. चहा घेतला आणि निघालो.