फायबरग्लासचं विमान बांधताय? आधी कोमट पाण्याची बादली ठेवा

प्लॅन घेतलेत, फोम आणि कापडाची खोकी आलीत, हात शिवशिवतायत, अशा माणसासाठी लिहितोय. मी ओहायोत गॅरेजमध्ये कोझी मार्क फोर हे चार जणांचं विमान बांधतोय. सहावं वर्ष चालू आहे. किती राहिलंय ते विचारू नका, घरात रोज विचारतात तेवढं पुरे.

विमानांचे रचनाकार बर्ट रुटान यांचं व्हेरीइझी १९७५ मध्ये उडालं, तेव्हापासूनची ही बिनसाच्याची पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच: फोम कापून आकार द्यायचा आणि त्यावर इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड चढवायचं. हाताला ती लवकर बसते, खरंच घाबरू नका. शिंपी उरेब पट्टी कापतो तसं बीआयडी, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही धाग्यांचं काचेचं कापड, ४५ अंशांत कापायचं. इपॉक्सीत काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळून केलेली स्लरी पाकासारखी, त्याच मिश्रणाचा घट्ट प्रकार म्हणजे ड्राय मायक्रो चक्क्यासारखा, उभ्या भिंतीवरून न ओघळणारा. निळा स्टायरोफोम गरम तारेने कापा, पण युरेथेन फोमला तार लावाल तर विषारी वायू निघेल. तिथे सुरीच.

मला बुडवलं ते यातल्या कशानेच नाही. जानेवारीत गॅरेज गारठलेलं, म्हणून प्रोपेनचा, धुराडं नसलेला हीटर लावला. बल्कहेडचे, म्हणजे विमानाच्या आतल्या आडव्या भिंतीचे, थर झकास बसले. पांढरा बुडबुडा नाही, जादा रेझिनची चकाकी नाही. दुसऱ्या दिवशी हात फिरवला तर किंचित ओशट, मेणबत्ती चोळल्यासारखं. ॲसिटोनने पुसलं, सँडपेपर मारला आणि बीआयडी टेपने, म्हणजे त्याच कापडाच्या इपॉक्सीत भिजवलेल्या पट्ट्यांनी, बाजूंना जोडून टाकलं. आठवड्याने सहज एक टोक पकडीत धरून ओढलं. केळं सोलावं तशी अख्खी टेप हातात आली. खालच्या थराचा एक धागासुद्धा तिला चिकटला नव्हता.

हा अमाइन ब्लश. इपॉक्सी घट्ट करणाऱ्या हार्डनरमधली अमाइन्स हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावतात आणि वर मेणचट थर धरतो. आणि प्रोपेन जळताना काय सोडतो? नेमकं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड! म्हणजे ती ओशट साय मीच रात्रभर जागून धरवली होती. ही साय पाण्याने निघते. ॲसिटोनने नुसती पसरते. सँडपेपर आधी मारलात तर तो चोंदतो आणि साय ओरखड्यांत रगडली जाते. म्हणून आधी कोमट पाणी आणि घासणी, मग खडखडीत कोरडं करणं, मग सँडपेपर. पुन्हा लिहितो, पाणी आधी. पील प्लाय (वरून लावून नंतर सोलून काढायचं कापड) लावला असेल तर ती बरीचशी त्याच्यासोबत जाते, मी तरीही धुतो. हीटर विजेचाच आणा. माझ्या सगळ्या टेप्स उचकटण्यात अख्खा हिवाळा गेला.

‘हार्डनर थोडं जास्त घाल, लवकर वाळेल’ असं सांगणारा कोणीतरी भेटेलच. तो बहुधा बोटींचं पॉलिस्टर वापरलेला असतो. तिथे कॅटलिस्ट थोडा कमी-जास्त खपतो. इपॉक्सीत प्रमाण चुकलं की ते मऊच राहतं, कितीही वाट बघा. वजनकाट्याला पैसे घाला, पंप मला तरी भरवशाचे वाटत नाहीत. आणि पॉलिस्टर स्टायरोफोमवर ओतून बघाच, फोम डोळ्यांदेखत विरघळतो.

माझं काम बघून ‘वा, वा’ करणारा एक शेजारी होता, त्याच्यावर विसंबलो ही दुसरी चूक. ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेचे टेक्निकल कौन्सिलर फुकट येऊन बघतात, पण मी लाजेपायी दोन वर्षं बोलावलं नाही. शेवटी ज्या बाई आल्या त्यांनी खिशातून नाणं काढून पंखाच्या कातड्यावर टकटक केली, एका जागी आवाज बद्द आला, तिथे खूण केली आणि मग कोपऱ्यातल्या हीटरकडे बघत विचारलं, ‘हा अजून वापरतोस?’ असा माणूस शोधा.

हातमोजे नायट्राइलचे, दर वेळी नवे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही, मग प्रकल्प विकावा लागतो. हात ॲसिटोनने धुऊ नका, त्याने इपॉक्सी उलट कातडीत उतरतं.

आता प्रत्येक जोडाबरोबर फोमचा एक वेगळा तुकडा त्याच इपॉक्सीने, त्याच दिवशी टेप लावून ठेवतो आणि आठवड्याने पकडीने ओढतो. गेल्या रविवारी टेपबरोबर फोमचा लचका निघाला. तो तुकडा बाकावरच ठेवलाय.