धाब्याचं घर, स्लॅबचं घर आणि माझी नोकरी

दर उन्हाळ्यात गावाकडून दोन-तीन पोरांचे फोन येतात. "दादा, तुम्ही ते पर्यावरणाच्या बिल्डिंगचं काम करता ना, फॉरेनच्या लोकांसोबत? त्यात कसं शिरायचं?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मी नववीत होतो तेव्हा वडिलांनी अमळनेरजवळच्या आमच्या गावातलं धाब्याचं घर पाडून स्लॅब टाकला. धाबं म्हणजे लाकडी सरे, त्यावर पऱ्हाट्या, वर मातीचा जाड थर आणि पावसाळ्याआधी टाकायची खारी माती. स्लॅबच्या पहिल्याच मे महिन्यात आजीनं खाट अंगणात नेली. "हाई घर शे का भट्टी?" नियम धाब्यावर बसवतात म्हणे, आम्ही खानदेशी लोकांनी धाब्यालाच धाब्यावर बसवलं.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी आकड्यात मिळालं. छतातून उष्णता किती सहज आत येते ते सांगणारा एक आकडा असतो, यू-व्हॅल्यू. उघड्या सहा इंची स्लॅबचा तो तीनच्या वर असतो. 'इको-निवास संहिता' हे घरांसाठीचं २०१८ चं केंद्राचं मानक म्हणतं, छताचा तो १.२ च्या वर नको. शिवाय स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर खोलीत सोडतो, म्हणून रात्री नऊलाही पंखा गरम हवाच फिरवतो. सिव्हिलच्या चार वर्षांत हे मला कुणी शिकवलं नाही. बीम-कॉलमचं गणित आलं, माणूस आत झोपेल कसा हे नाही आलं.

तर पहिलं काम: स्वतःच्या घराची वही करा. स्लॅबची जाडी, भिंती कशाच्या, खिडक्या कुठल्या दिशेला. साधे दोन थर्मामीटर घ्या, एक खोलीत आणि एक बाहेर सावलीत, आणि एप्रिल-मे महिनाभर दर तीन तासांनी आकडे लिहा. माझ्या पहिल्या मुलाखतीत प्रमाणपत्रांची फाइल उघडलीच गेली नाही, वही मात्र अर्धा तास चालली.

मग वाचन. इमारतींत ऊर्जा कशी वाचवायची यावरचा भारत आणि स्वित्झर्लंडचा 'बीप' प्रकल्प २०११ ते २०२१ चालला. त्याचे अहवाल म्हणजे माझं खरं कॉलेज. ती संहिता तयार करतानाही बीपची तांत्रिक मदत होती. संहितेत छत सोडून भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातली आहे (थंड प्रदेश सोडून). ते गणित आधी हातानं करा, मग इमारतीच्या ऊर्जेचा हिशेब करणारं एनर्जीप्लस शिका. सॉफ्टवेअर फुकट आहे, चिकाटी लागते.

सिमेंटमध्ये रस असेल तर एलसी-३ बघा. स्वित्झर्लंडचं लोझान, क्युबाचं सांता क्लारा, दिल्ली आणि मद्रास आयआयटी, अशा चार टोकांच्या लोकांनी मिळून वाढवलेलं हे सिमेंट. क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मुख्य घटक, साधारण १४५० अंशांवर भाजावा लागतो, शिवाय चुनखडी फुटताना कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळा. इथं क्लिंकर निम्म्यावर आणून बाकी जागी सुमारे ८०० अंशांवर भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी घालतात. उत्सर्जन चाळीस टक्क्यांपर्यंत घटतं. २०२३ मध्ये त्याला भारतीय मानकही मिळालं. दीपनगर वीजकेंद्राच्या राखेच्या विटा पाहत वाढलेल्या भुसावळच्या पोराला ही कल्पना चटकन कळावी.

जागतिक घोषणा मुलाखतीपुरत्या पाठ असू द्या. २०१५ ला पॅरिसमध्ये इमारतींसाठी देशांची युती झाली. २०२३ च्या दुबईतल्या हवामान परिषदेत फ्रान्स-मोरोक्कोच्या पुढाकारानं 'बिल्डिंग्ज ब्रेकथ्रू' आलं: २०३० पर्यंत जवळपास शून्य उत्सर्जनाच्या, हवामानाला तोंड देणाऱ्या इमारती हीच रीत व्हावी. मार्च २०२४ ला पॅरिसमध्ये इमारती आणि हवामानावरचा शायोचा जाहीरनामा. भाषा छान आहे, पण त्यानं आजीची खाट आत येत नाही.

आता माझी फजिती. पहिल्या अहवालात एका उष्णतारोधक थराचा आकडा मी विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून उचलला. बैठकीत परदेशी टीमच्या तज्ज्ञ बाईंनी एवढंच विचारलं, "ही चाचणी कोणत्या लॅबची?" माझी दातखीळ बसली. तेव्हापासून चाचणीचा कागद हातात नसेल तर आकडा लिहीत नाही. त्याच बैठकीत त्यांनी गच्चीवर मऊ फोम आणि पांढरा लेप सुचवला. मी म्हणालो, आमच्याकडे उन्हाळ्यात बायका गच्चीवर बिबड्या, कुरडया घालतात, रात्री सगळं घर तिथंच झोपतं. पाय पडणार, खाटा ओढल्या जाणार. त्या थांबल्या, लिहून घेतलं. शेवटी फोमवर काँक्रीटचा थर आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे, असं ठरलं. बिबड्यांनी मला त्या टीममध्ये जागा मिळवून दिली, असं मी गमतीनं म्हणतो. पण ते खरंच आहे.

पैशाबद्दल: डॉलर विसरा. पगार रुपयात, करार प्रकल्पापुरता, आणि मधले दोन-तीन महिने रिकामे जातात, तेवढी गंगाजळी ठेवा. स्वित्झर्लंड उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं, म्हणून संध्याकाळच्या बैठका सुटत नाहीत. इंग्रजी फर्डं नको, बैठकीचा वृत्तांत चुकीशिवाय लिहिता आला की पुष्कळ. ग्रिहा, आयजीबीसी या हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या संस्थांच्या परीक्षा नोकरी लागल्यावर द्या. ऊर्जेचंच करायचं पक्कं असेल तर अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचा अभ्यासक्रम चांगला, पण आधी फीचा विचार करा.

आमच्या घराचा स्लॅब अजून तसाच उघडा आहे. सगळा हिशेब काढून दिलाय, गवंडीही तयार आहे. वडील म्हणतात, कापसाचे पैसे हातात येऊ दे, मग बघू.