रोजडे पिकात शिरल्यावर: अर्ज, बंदूक आणि प्राणिमित्र

इंदूरच्या वेशीवरच्या रालामंडळ टेकडीवर होळकरांची शिकारगाह अजून उभी आहे. 1989 पासून हा सारा परिसर अभयारण्य आहे, आणि जिथून एके काळी बार उडत तिथे आता शाळेच्या सहली जातात. वन्यप्राण्याला मारायचे की नाही हे त्या काळी राजाच्या मर्जीवर होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो निर्णय लेखी कारणांवर आणून ठेवला. रामबागेत किंवा लोकमान्यनगरात राहणारी, पण सांवेर, देपालपूर, महू किंवा सिमरोलकडे वडिलोपार्जित जमीन असलेली आपली अनेक कुटुंबे दर हिवाळ्यात एकच प्रश्न विचारतात: रोजडे (नीलगायी) पीक खातात, त्यांना मारता येते का? येते, पण क्वचित, आणि ज्या क्रमाने यावे त्या क्रमाने आले तरच. तो क्रम येथे सांगितला आहे.

सर्वांत आधी नुकसान कोणी केले हे निश्चित करावे. हे सांगण्याचा मला हक्क आहे, कारण आम्ही स्वतः येथेच चुकलो. सिमरोलच्या बाजूला माझ्या मेहुण्यांची बटाट्याची शेती आहे. एका सकाळी सरीच्या सरी विस्कटलेल्या पाहून आम्ही रोजड्यांच्या नावाने अर्ज खरडला आणि तो त्याच दिवशी देऊनही आलो. पाहणीला आलेला वनरक्षक उकरलेल्या मातीजवळ उकिडवा बसला, काडीने ठशाच्या मागची दोन बारीक टोचणी दाखवली आणि म्हणाला, ‘हे डुकराचे.’ रानडुकराचा खूर उमटतो तेव्हा मऊ जमिनीत मागच्या दोन उपखुरांच्या खुणाही बहुधा उमटतात, आणि कंदासाठी ते जमीन नांगरल्यासारखी उलथून टाकते. रोजडा उकरत नाही. तो हरभऱ्याचे शेंडे आणि घाटे खुडतो, कळप धावला की खाण्यापेक्षा तुडवण्याने अधिक नुकसान होते, आणि त्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच जागी टाकलेल्या लेंड्यांचा ढीग. आमचा अर्ज अर्थातच निकालात निघाला आणि ते योग्यच झाले. तेव्हापासून आम्ही ठशाशेजारी काडेपेटी ठेवून, तारीख दिसेल असे छायाचित्र घेतल्याशिवाय कागद हाती घेत नाही.

जनावर ठरले की कायद्यातील त्याची जागा, म्हणजे ते कायद्याच्या कोणत्या यादीत (अनुसूचीत) आहे, हे पाहावे. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, रोजडा आणि रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहेत, तर काळवीट आणि बिबट्या अनुसूची एकमध्ये. हा फरक कागदी नाही. अनुसूची एकमधील प्राण्याला मारण्याची परवानगी केवळ मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, तीही तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच, आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे शक्य नाही अशी त्यांची खात्री झाल्यावरच. उभ्या पिकाचे नुकसान हे कारण तिथे चालत नाही. म्हणून काळविटांच्या कळपाविरुद्ध शेतकऱ्याने मारण्याचा अर्ज करण्यात अर्थ नाही. अनुसूची दोनमधील प्राण्यासाठी कलम 11 मालमत्तेचा आणि त्यात उभ्या पिकांचाही विचार करते, आणि मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारणे नोंदवून परवानगी देऊ शकतो. आपल्या तहसिलीसाठी हा अधिकार सध्या कोणाकडे आहे हे वनमंडल कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. चहाच्या टपरीवर मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये.

दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला असा की, पीकरक्षणासाठी मिळालेला शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीचा परवाना. तसे नाही, शस्त्रपरवाना बंदूक बाळगण्याचा आहे, शिकारीची परवानगी स्वतंत्रपणे मिळवावी लागते. दुसरा असा की, ‘बचावासाठी मारले’ म्हटले की सुटका होते. कायदा स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या जिवाच्या बचावासाठी सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा मानत नाही, पण त्यात हरभऱ्याचा बचाव येत नाही. शिवाय ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत विष घालणे, फास लावणे, पकडणे, आमिष ठेवणे आणि तसा प्रयत्न करणे हे सर्व बसते. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासात बिबट्या अडकला तर गुन्हा अनुसूची एकचा होतो, ज्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. कुंपणात थेट घरगुती वीज सोडणे तर कोणत्याही सबबीवर करू नये, कारण त्या तारेला रोजडा आणि पहाटे पाणी सोडायला आलेला गडी यांतला फरक कळत नाही. मे 2020 मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात तोंडात स्फोटक फुटून मरण पावलेली गाभण हत्तीण पुष्कळांना आठवत असेल. रानडुकरांसाठी ठेवले जाणारे असले गोळे कोण चावणार हे ठेवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

अर्ज देण्यापूर्वी इतर उपाय केले याचा पुरावा हवा, आणि तो केवळ अधिकाऱ्यासाठी नको. सौर ऊर्जेवरचे झटका मशीन, म्हणजे क्षणभरच धक्का देणारे कुंपण, नीट बसवले आणि तारेला टेकणारे गवत दर पंधरवड्याला कापले तर बरेच काम करते. गवत टेकले की झटका जमिनीत जातो आणि शेतकरी मशीनला शिव्या देतो. रोजडा उंच उडी घेतो, त्यामुळे कुंपण बसवण्याआधी त्याच्या येण्याच्या वाटा पाहाव्यात. बहुधा त्या नाल्यातून आणि पडीक झुडपातून येतात, आणि नाल्याकाठची दाटी सगळ्या गावाने मिळून हटवली तर एकट्याच्या कुंपणापेक्षा अधिक उपयोग होतो. एकट्याने हाकलले तर कळप शेजाऱ्याकडे जातो, एवढेच. मचाण, हाकारा, गोफण, फटाके हे जुने उपाय आठ-दहा रात्री चालतात. मग जनावर सरावते.

नुकसानभरपाईचा मार्ग वेगळा आहे आणि तो समांतर चालवावा. मध्य प्रदेशात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीची मदत राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 खाली महसूल खात्याकडून मिळते. पटवारी (तलाठी) येण्याआधी पीक काढू नये, आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी क्षेत्र व टक्केवारी स्वतः वाचावी. पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांच्या हल्ल्यामुळे होणारे नुकसान खरीप 2026 पासून स्थानिक जोखीम म्हणून धरण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केला. त्यात 72 तासांत मोबाइल अॅपवर छायाचित्रासह नोंद करणे अपेक्षित आहे. प्राणी आणि जिल्हे राज्य सरकारने अधिसूचित करायचे असल्याने आपला जिल्हा यादीत आहे का हे विमा उतरवतानाच पाहावे.

आता मुख्य अर्ज. त्यात खसरा क्रमांक (जमिनीचा सर्व्हे क्रमांक), पीक, नुकसानीच्या तारखा, ठशांची छायाचित्रे, केलेले उपाय आणि ते का पुरले नाहीत, किती जनावरे येतात आणि त्यांत नर-माद्या किती, एवढे असावे. शेवटची बाब बहुतेक जण वगळतात, आणि वन्यजीव व्यवस्थापनाचा सगळा प्रश्न तिथेच आहे. निळसर करडा, दाढीचा, आखूड शिंगांचा नर लांबून दिसतो. पिंगट माद्या आणि पाडसे झुडपात मिसळून जातात. म्हणून बंदूक साहजिकच नराकडे वळते. परंतु एक नर अनेक माद्यांशी संयोग करणाऱ्या जातीत दोन-चार नर मारल्याने पुढच्या वर्षीची संख्या जवळपास तेवढीच राहते. माद्या मारल्या तर संख्या उतरते, पण मागे पाडसे राहतात आणि रोजड्याला जुळी पाडसे होणे सामान्य आहे. हा पेच ज्याने पाहिला नाही त्याने ‘नियंत्रण’ हा शब्द वापरू नये असे माझे मत आहे. तो जे करतो त्याला सूड म्हणतात. उलट, संख्या का वाढली हेही विचारावे: माळव्याच्या शेतशिवारात या जनावराला खाणारे कोणी फारसे उरले नाही, आणि आपण मात्र सोयाबीन, गहू, हरभरा असे वर्षभराचे ताट वाढून ठेवले आहे.

याच टप्प्यावर, परवानगी मिळाल्यावर नव्हे, प्राणिमित्र संघटनांशी बोलावे. आपल्याकडे सर्वांना एकाच तागडीत टाकून ‘ते एनजीओवाले’ म्हणण्याची पद्धत आहे, पण त्यांत किमान तीन प्रकारचे लोक असतात. काही जण प्राण्याला यातना होऊ नयेत म्हणून झटतात. काहींच्या मते माणसाला प्राणी मारण्याचा हक्कच नाही. आणि काहींना एका जनावरापेक्षा त्या जातीची आणि अधिवासाची चिंता असते. पहिल्याशी बंदूक, अंतर आणि नेमबाज यांविषयी बोलता येते, तिसऱ्याशी संख्येविषयी. दुसऱ्याशी एकमत होणार नाही; त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, आपले सांगावे आणि वाद वाढवू नये. त्याच्या पाठीशीही संविधान आहे, हे विसरू नये: अनुच्छेद 51-क (छ) प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचे कर्तव्य सांगतो.

त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. नुकसान खरेच याच जनावराने केले का? दुसरे काय करून पाहिले? एका गोळीत मरेल याची हमी काय? या परवानगीच्या आडून मांसासाठी शिकार होणार नाही कशावरून? नीट पाहिले तर यांतले पहिले दोन प्रश्न परवानगी देणारा अधिकारीही विचारतो, आणि शेवटचा गावातले शहाणे लोकही विचारतात. म्हणून मी सांगतो, अर्जाचा कच्चा मसुदा आधी विरोधकाला दाखवावा. तो जिथे बोट ठेवेल तिथे न्यायालयातही बोट ठेवले जाईल, आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ इंदुरातच आहे. शक्य असेल तर त्याला एक रात्र मचाणावर बोलवावे. आमच्याकडे एक कार्यकर्त्या आल्या होत्या. पहाटे तीनला चौदा जनावरे हरभऱ्यात उतरलेली पाहून त्यांचे मत बदलले नाही, पण दुसऱ्या दिवशी झटका मशीनसाठी मदतीचे पत्र त्यांनीच लिहून दिले.

घाई केली की काय होते याची दोन उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. बिहारमध्ये केंद्राने कलम 62 खाली रोजडे आणि रानडुकरांना एका वर्षासाठी उपद्रवी, म्हणजे परवानगीशिवाय मारता येणारे, घोषित केल्यावर जून 2016 मध्ये मोकामा येथे हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोजडे मारले. त्यावरून तत्कालीन केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयावर जाहीर टीका केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनांना स्थगिती दिली नाही, तरी लोकांच्या स्मरणात कायद्याची बाजू राहिली नाही, मृत जनावरांच्या रांगांची छायाचित्रे राहिली. दुसरे उदाहरण यवतमाळच्या अवनी या वाघिणीचे. आदेश आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करावा असा होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती गोळीने मारली गेली, आणि पुढील चौकशीत कार्यपद्धतीतील त्रुटींवर बोट ठेवले गेले. तेरा माणसांचा जीव गेल्याचे दुःख त्या वादात मागे पडले, ही मला त्यातली सर्वांत खेदाची गोष्ट वाटते.

हलवण्याचा पर्यायही विचारावा. ऑक्टोबर 2025 मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टर आणि बोमा, म्हणजे कापडी भिंतींचे निमुळते होत जाणारे आवार, वापरून नऊशेहून अधिक काळवीट आणि रोजडे पकडून संरक्षित क्षेत्रांत सोडण्यात आले. हे काम एका शेतकऱ्याच्या अर्जावर होत नाही. ग्रामसभेचा ठराव आणि अनेक गावांची एकत्र मागणी लागते.

एवढे होऊनही परवानगी मिळाली, तर तिच्यावर जनावरांची संख्या, क्षेत्र, मुदत आणि नेमबाजाचे नाव आहे ना हे पाहावे आणि त्यापलीकडे एक पाऊल टाकू नये. जनावरामागे गोळी अडवायला मातीचा उतार नसेल, जनावर टेकडीच्या कडेवर उभे असेल किंवा पळत असेल तर घोडा दाबू नये. भरमार (ठासणीची) बंदूक किंवा छर्रे यांनी रोजड्याएवढे जनावर मरत नाही, ते जखमी होऊन नाल्यात दोन दिवस कुढते. योग्य क्षमतेची रायफल आणि सराव असलेला माणूस नसेल तर परवानगी परत करावी. पाडसासह असलेल्या मादीवर नेम धरू नये. जखमी झालेले जनावर त्याच रात्री रक्ताच्या मागावर जाऊन शोधणे ही गोळी झाडणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती त्याने दुसऱ्यावर ढकलू नये.

मेलेले जनावर शेतकऱ्याचे नसते. मांस वाटणे, शिंगे घरी लावणे, फोटो फिरवणे यांतून केवळ गुन्हा आणि रोष निर्माण होतो. वनकर्मचाऱ्यासमोर पंचनामा करून खोल खड्ड्यात पुरावे, कारण गोळीतील शिसे असलेले मांस गिधाडांच्या पोटात जाऊ नये. त्यानंतर किती गोळ्या झाडल्या, किती जनावरे मेली, एखादे जखमी होऊन निसटले का, हे एका पानावर लिहून परवान्यासह कार्यालयात द्यावे, पोच घ्यावी, आणि त्याच पानाची एक प्रत त्या मचाणावर आलेल्या कार्यकर्त्यालाही पाठवावी.