हातात आठ हजार आणि दवाखान्याचा अंदाज तीस हजार: अशा रात्री काय करायचं

कुत्रं किंवा मांजर अचानक आजारी पडलं की बऱ्याच घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. ‘सकाळी बघू’ म्हणून रात्र काढली जाते, नाहीतर दवाखान्यात धावत जाऊन ‘डॉक्टर, काहीही करा पण वाचवा’ असं सांगितलं जातं. खिशाला दोन्ही जड जातं. पहिल्यात आजार वाढतो आणि त्याबरोबर बिलही. दुसऱ्यात सगळ्या तपासण्या पहिल्याच रात्री होतात, आणि खऱ्या उपचाराला लागणारे पैसे तिसऱ्या दिवशी संपलेले असतात.

सकाळपर्यंत काय थांबत नाही

बोका पुन्हापुन्हा शी-शूच्या जागी जाऊन कुंथतोय आणि लघवीचा थेंबही नाही, हे घरच्यांना बद्धकोष्ठ वाटतं. बहुतेक वेळा मूत्रमार्ग तुंबलेला असतो. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. पहिल्या काही तासांत नळी घालून मोकळं करणं आणि मूत्रपिंडं बिघडल्यावर चार दिवस सलाइनवर ठेवणं, या दोन बिलांत मोठा फरक असतो.

मोठ्या अंगाच्या कुत्र्याचं पोट ढोलकीसारखं ताणलंय, उलटीसाठी उमाळे येतायत पण फेसाशिवाय काही पडत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. इथे मिनिटं मोजायची. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर, निजलेल्या अवस्थेतही धाप, थांबत नसलेला झटका, सर्पदंश, लस न झालेल्या पिल्लाला रक्ताळ, उग्र वासाचे जुलाब: हेही तसंच. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर एक-दोन महिन्यांत मलूल झाली, सारखं पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर पू दिसत नाही आणि नेमका तोच प्रकार जास्त धोक्याचा.

एक-दोन उलट्या झाल्या पण पाणी टिकतंय, शेपूट हलतेय. लंगडतोय पण पाय टेकतोय. कान खाजवतोय, तर सकाळची ओपीडी चालेल.

घरातलं औषध देऊन रात्र काढायला जाऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात, आणि कॉम्बिफ्लॅममध्ये ही दोन्ही आहेत. विष खाल्लं म्हणून मिठाचं पाणी पाजणं हाही घातक उपाय. उंदराचं औषध खाल्लं असेल तर त्याचं पाकीट बरोबर न्या. रक्त पातळ करणाऱ्या प्रकारात दोन-चार दिवस जनावर ठणठणीत दिसतं आणि मग आतून रक्तस्राव सुरू होतो. लगेच नेलं तर उलटी आणि व्हिटॅमिन के१ वर भागतं, उशिरा नेलं तर रक्त चढवायची वेळ येते.

काउंटरवर रक्कम आधी सांगा

याची लाज वाटते, म्हणून हे सगळ्यात उशिरा बोललं जातं. वास्तविक पहिल्या पाच मिनिटांत बोलायचं असतं: “डॉक्टर, आज माझ्याकडे आठ हजार आहेत. परवापर्यंत आणखी पाच होतील. एवढ्यात आधी काय करायला हवं?” रक्कम कळली की डॉक्टर क्रम लावू शकतात: आधी सलाइन, ऑक्सिजन, वेदनाशामक, मग जिच्यावर निर्णय अवलंबून आहे ती एक तपासणी, बाकीचं नंतर.

मग तीन आकडे कागदावर मागा: आजचा खर्च, भरती ठेवलं तर रोजचा खर्च, आणि गुंतागुंत झाली तर एकूण किती. हप्त्यांचं बोलायचं असेल तर भरती करण्याआधी. डिस्चार्जच्या दिवशी केलेली घासाघीस दोघांनाही कडवट होते.

प्रत्येक तपासणीला एकच प्रश्न विचारा: “हिच्या निकालाने औषध बदलणार आहे का?” लस न झालेल्या पिल्लात लक्षणं सरळसरळ पार्व्होची (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य जुलाब-उलट्यांची) असतील तर तपासणीच्या किटविनाही सलाइन आणि उलटीचं औषध तेच राहतं. उलट, तापाने फणफणलेल्या, गोचिडं लागलेल्या कुत्र्याची रक्ततपासणी वाचवू नका. गोचीड तापाचे दोन मुख्य प्रकार आहेत, त्यांची औषधं वेगळी, आणि अंदाजाने दिलेल्या इंजेक्शनांत आठवडा गेला की प्लेटलेट्स आणि पैसे दोन्ही तळाला गेलेले असतात. गर्भाशयातल्या पूवरही काटकसर नको. ‘आधी अँटिबायोटिक देऊन बघू’ म्हटलं तर बहुतेकदा ऑपरेशन टळत नाही, ते फक्त जास्त खंगलेल्या कुत्रीवर करावं लागतं.

रात्र खासगीत, सकाळ सरकारीत

सरकारी आणि महाविद्यालयांचे दवाखाने ठरावीक वेळेत चालतात, रात्रीच्या आणीबाणीला बहुधा उपयोगी पडत नाहीत. म्हणून रात्री खासगी दवाखान्यात जीव स्थिर करून घ्यायचा आणि सकाळी हलवायचं. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे आणि त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या दवाखान्यांत केसपेपर आणि ऑपरेशनचे दर खासगीच्या मानाने खूप कमी असतात. पुण्यात औंधला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. इतर जिल्ह्यांत असंच सर्वचिकित्सालय आणि तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाना. १९६२ या नंबरची सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइन मुळात गुराढोरांसाठी आहे, कुत्र्यामांजरांसाठी तिच्यावर विसंबू नका.

हलवताना खासगी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या: कोणतं औषध, किती, किती वाजता दिलं, सलाइनची सुई कधी लावली, रिपोर्ट काय आले. ही नसेल तर दुसरीकडे सगळं पहिल्यापासून होतं आणि वेदनाशामकाचा डोस दुप्पट पडण्याची भीती असते. पायातली सुई काढू देऊ नका, नीट असेल तर दोन-तीन दिवस चालते. ओपीडी उघडायच्या आधी रांगेत उभे राहा. स्वस्त म्हणून कंपाउंडरकडून इंजेक्शनं टोचून घेणं मात्र वेगळी गोष्ट; डॉक्टरकडे बी.व्ही.एस्सी. पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी हवी.

भरतीचा रोजचा खर्च वाचवायचा आणखी एक मार्ग म्हणजे दिवसा सलाइन आणि रात्री घर. सगळ्या आजारांत जमत नाही, पण विचारल्याशिवाय कोणी सुचवत नाही. औषधांची चिठ्ठी कंपनीच्या नव्हे, औषधाच्या मूळ (जेनेरिक) नावाने लिहून मागा. डॉक्सिसायक्लिन, पँटोप्राझोल, ऑन्डान्सेट्रॉन, रिंगर लॅक्टेट ही माणसांचीच औषधं आहेत आणि यातली बरीच जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. डोस मात्र डॉक्टरांनी वजनावर काढलेलाच.

रक्त लागलं तर पिशवीसाठी वणवण करण्याआधी ओळखीतलं कुत्रं शोधा: एक ते आठ वर्षांचं, २५ किलोच्या वर, लसी झालेलं, गोचीड ताप न होऊन गेलेलं. कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा रक्त चढवताना गट न जुळण्याचा धोका कमी असतो. मांजराचं तसं नाही, तिथे गट तपासल्याशिवाय एक थेंबही चढवायचा नाही.

पैसे कुठून

घरच्या सोन्यावरचं कर्ज, पतसंस्था, कामाच्या ठिकाणची उचल, कार्डाचे हप्ते, या क्रमाने बघा. मोबाइलवरच्या कर्जाच्या अॅपला हात लावण्याआधी कर्ज देणारी संस्था रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का ते पाहा. अॅपने फोनमधले नंबर आणि फोटो मागितले तर तिथेच थांबा, नियमांनुसार ते चालत नाही. विमा या रात्री कामाचा नाही: आधीपासूनचा आजार त्यात बसत नाही आणि पॉलिसी घेतल्यावरही प्रतीक्षाकाळ असतो.

लोकांकडे मदत मागायची तर मिलाप, केटो या देणगी गोळा करण्याच्या संकेतस्थळांवर मोहीम उघडता येते, पण पहिले पैसे सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरूनच येतात. संदेशात आजाराचं नाव, दवाखान्याचा शिक्का असलेला खर्चाचा अंदाज, किती जमले आणि किती हवेत एवढंच लिहा, आणि शक्य असेल तर पैसे थेट दवाखान्याच्या क्यूआर कोडवर मागा. स्वतःचा नंबर दिला की शंका येते. रोज संध्याकाळी हिशोब टाका. रक्ताळलेले फोटो नकोत, लोक ते बघून पुढे सरकतात.

एक अवघड प्रश्न

कधी पूर्ण पैसे असूनही जनावर वाचणार नसतं आणि डॉक्टर ते आपण होऊन बोलत नाहीत. स्पष्ट विचारा: “तुमचं स्वतःचं असतं तर काय केलं असतं?” दयामरण हा वैध, वेदनारहित पर्याय आहे. दवाखान्याच्या दारात सोडून येणं हा पर्याय नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याचे हाल होतील असं टाकून देणं गुन्हा आहे.

घरी आणल्यावर दुसरं बिल टाळायचं काम उरतं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मध्येच बंद करू नका. गोचीड तापाचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि तो तोडला की आजार उलटतो. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, आणि ते चाटून उसवले तर पुन्हा भूल, पुन्हा टाके. टाके चाटू न देणारी गळ्यातली कॉलर परवडत नसेल तर जुन्या एक्स-रेची फिल्म नाकाच्या टोकापुढे दोन बोटं जाईल एवढ्या लांबीच्या नरसाळ्यासारखी गुंडाळा, आतल्या कडेला कापडी चिकटपट्टी लावा आणि पट्ट्याला चार ठिकाणी नाडीने बांधा.