बंद पडलेल्या ज्युनिअर आइस हॉकी संघाचा इतिहास कसा लिहावा

आधी संघाची वंशावळ मांडा, किस्से मागाहून. ज्युनिअर संघ (साधारण १६ ते २० वर्षांच्या खेळाडूंचा) सहसा एका दिवसात नाहीसा होत नाही. फ्रँचायझी विकली जाते, गाव बदलतं, मग नावही बदलतं. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. पुणे वॉरियर्स (२०११–१३) आणि रायझिंग पुणे सुपरजायंट (२०१६–१७) यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीच्या जागी हैदराबाद एफसी आला. तुमचा संघ यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो, हे ठरल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका.

नमुन्याला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातला न्यू वेस्टमिन्स्टर ब्रुइन्स घ्या. मूळ संघ सास्काचेवानमधला एस्टेव्हन ब्रुइन्स. तो १९७१ मध्ये न्यू वेस्टमिन्स्टरला आला, १९८१ मध्ये कॅमलूप्सला गेला आणि १९८४ पासून कॅमलूप्स ब्लेझर्स म्हणून खेळतो आहे. मात्र १९८३ ते १९८८ न्यू वेस्टमिन्स्टरमध्येच, ब्रुइन्स याच नावाचा दुसरा संघ होता. तो पुढे अमेरिकेतल्या ट्राय-सिटीला गेला. दोघांचे आकडे एकाच तक्त्यात घातले की सगळा इतिहास चुकतो. ही चूक फार सर्रास दिसते. म्हणून प्रत्येक टप्प्याला चार रकाने ठेवा: नाव, गाव, पहिला हंगाम, शेवटचा हंगाम.

लीगचं नावही तपासा. ब्रुइन्स ज्या लीगमध्ये खेळले, ती १९६६ मध्ये सुरू झाली; १९६८ पासून ती वेस्टर्न कॅनडा हॉकी लीग होती, १९७८ मध्ये ती वेस्टर्न हॉकी लीग झाली. १९७५ च्या मजकुरात नंतरचं नाव लिहिलंत, तर जाणकार वाचक तिथेच थांबेल.

आता हंगामांचा तक्ता. सामने, विजय, पराभव, बरोबरी, गुण, केलेले गोल, खाल्लेले गोल, क्रमांक, बाद फेरी, प्रशिक्षक. टाइप करण्याआधी रकान्यांचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा किंवा दोन्ही संघांचे गोल वेगळ्या रकान्यांत टाका. नाहीतर स्प्रेडशीट ६-५ या निकालाची तारीख करून टाकते आणि दोन महिन्यांनी ते कुणाच्याही लक्षात येत नाही. पडताळणी सोपी: विजय, पराभव आणि बरोबरी यांची बेरीज म्हणजे सामने, विजयाची दुप्पट अधिक बरोबरी म्हणजे गुण. गणित जुळलं नाही, तर तुमच्या बेरजेवर नव्हे, आधी छापील आकड्यावर संशय घ्या. बाद फेरीत बरोबरीचे सामने दिसले तर ते खोडू नका. त्या काळी कॅनडातल्या ज्युनिअर हॉकीत काही मालिका गुणांवर खेळल्या जात, म्हणजे ठरलेले गुण आधी मिळवणारा संघ मालिका जिंकायचा.

हंगाम दोन वर्षांत पसरतो, चषक मात्र दुसऱ्या वर्षाच्या नावाने ओळखला जातो. १९७६–७७ च्या हंगामातला मेमोरियल कप (कॅनडातल्या ज्युनिअर हॉकीचा सर्वोच्च चषक) हा १९७७ चा. ब्रुइन्स १९७५ ते १९७८ अशी सलग चार वर्षं या स्पर्धेत अंतिम सामना खेळले. टोरोंटो मार्लबरोज आणि हॅमिल्टन फिनकप्स यांच्याकडून हरले, मग ओटावा सिक्स्टी-सेव्हन्स आणि पीटरबरो पीट्स यांना हरवून दोनदा चषक घेतला. प्रशिक्षक अर्नी ‘पंच’ मॅक्लीन. ही चार वर्षं सविस्तर लिहा. बाकीचे हंगाम दोन-तीन ओळींत उरकले तरी चालतील.

तारखांबाबत सावध राहा. न्यू वेस्टमिन्स्टर ज्यात येतं त्या व्हँकुव्हरच्या परिसरात हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू झालेला सामना म्हणजे पुण्यात रविवार सकाळचे नऊ. तक्त्यात नेहमी तिथली तारीख लिहा. तेव्हा तिथल्या बऱ्याच दैनिकांचा रविवारचा अंक निघत नसे, त्यामुळे शनिवारच्या सामन्याची बातमी सोमवारच्या अंकात शोधा. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाला ईमेल करताना ‘संघाची माहिती द्या’ असं मोघम मागू नका. सामना, प्रतिस्पर्धी आणि तारीख कळवा.

खेळाडूंच्या यादीत नंतर एनएचएल (उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) गाजवणारेच भरू नका. ब्रुइन्सचा बॅरी बेक १९७७ मध्ये एनएचएलच्या ड्राफ्टला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, हे एका ओळीत येतं. त्याने ब्रुइन्सकडून किती हंगाम खेळले, ते तुमच्या कामाचं. एकाच हंगामात दोन संघांकडून खेळलेल्याचे गोल संघवार वेगळे काढा, एकत्रित बेरीज उचलू नका.

आणि आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर हॉकी म्हटलं की खडकी किंवा नेहरूनगरचं मैदान येतं. सुरुवातीलाच सांगून टाका: बर्फावर एका बाजूचे सहा जण, गोलरक्षक धरून, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, आणि चेंडूऐवजी रबराची चकती, म्हणजे पक.